‘बोलायचं काम आहे’ : विद्यापीठाच्या रेडिओ केंद्राच्या परवान्याची पावणेतीन वर्षं

१८ मार्च २०२५, मंगळवार. सकाळी सात वाजता आमच्या विद्यापीठाचं सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे आसपासच्या गावांसाठी त्यांच्याच सहभागाने चालणारं छोटं एफएम केंद्र, ९०.८ मेगाहर्ट्झवर सुरू झालं. पहिला विचार मांडला गेला होता जून २०२२ मध्ये. मधली पावणेतीन वर्षं मी ही फाईल घेऊन फिरत होते. सुरुवातीला मला माहिती हवी होती तेव्हा सरकारी मार्गदर्शक तत्त्वांची पीडीएफ सोडली तर मराठीत फारसं काही हाती लागलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. कुणा प्राध्यापकाच्या टेबलावर ही फाईल येऊन पडली असेल तर त्यांनी वाचावं. संस्थेचं नाव मुद्दाम टाळलंय. सांगली-सोलापूरच्या सीमेवरचा द्राक्षपट्टा, तिथलं एक अभिमत विद्यापीठ, आणि मी तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, एवढं पुरेसं आहे.

पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो असा की आता पॉडकास्टचा जमाना आहे, रेडिओ कशाला? माझ्याकडे तेव्हा तयार उत्तर नव्हतं. ते मिळालं जुलैमध्ये, आम्ही गावं फिरलो तेव्हा. केंद्र कोणासाठी काढताय, त्यांना काय हवंय, हे अर्जात नेमकं लिहावं लागतं. त्यासाठी मी आणि एमएस्सीची चार मुलं आसपासच्या नऊ गावांत गेलो. संध्याकाळी सातला लोक ऐकतील असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात संध्याकाळी घरोघरी टीव्ही लागलेला असतो. रेडिओ ऐकायला वेळ होता तो दुपारी, आणि तोही बागेत. विरळणी करणाऱ्या, डिपिंग करणाऱ्या (म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणाऱ्या) बायका दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभ्या असतात. हात गुंतलेले, डोळे घडांवर, कान मोकळे. साध्या बटणांच्या फोनवर एफएम लावून तो पदरात अडकवलेला असतो. त्याला डेटा लागत नाही, पैसे लागत नाहीत. पुढच्या बैठकीत मी एवढंच सांगितलं आणि विषय मंजूर झाला.

ज्यांना अगदीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात निकाल दिला की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या पीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना स्वतःचं केंद्र काढायची मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, देशातलं असं पहिलं. स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं ते २००६ च्या धोरणाने. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची विद्यावाणी २००५ पासून १०७.४ वर आहे, बारामतीला वसुंधरा वाहिनी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग आहे. अर्ज भरण्याआधी सुरू असलेलं एखादं तरी केंद्र आतून पाहा. मी दोन पाहिली आणि दोन्हीकडून परतताना वही भरलेली होती. तिथले तंत्रज्ञ मोकळेपणाने दाखवतात, पुढे अडलं की फोनही उचलतात.

१४ ऑक्टोबर २०२२ ला अर्ज भरला. तो माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर. विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ आणि सरकारी शिक्षणसंस्था यांना एक सवलत आहे. त्यांची प्रकरणं आंतरमंत्रालयीन समितीपुढे एकत्रच जातात, गृहमंत्रालयाची वेगळी मंजुरी आणावी लागत नाही. खासगी महाविद्यालयाला किंवा संस्थेला ती लागते, त्यांनी तेवढा वेळ जास्तीचा धरावा. कागद म्हणाल तर विद्यापीठाचा दर्जा सांगणारी अधिसूचना, व्यवस्थापन मंडळाचा ठराव, सही करणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र, जमाखर्च, जागेचा नकाशा. यातला ठराव सर्वांत आधी करून घ्या. आमच्याकडे मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते. ठरावात ‘सामुदायिक रेडिओ केंद्र’ असे शब्द नव्हते, नुसतं ‘रेडिओ’ होतं. तेवढ्यासाठी पुढच्या बैठकीपर्यंत थांबायची पाळी आली असती. कुलसचिवांनी फिरत्या टिपणीवर सह्या घेतल्या म्हणून निभावलं.

आता माझी चूक. ती सांगितलीच पाहिजे, कारण तिने आमचे चार महिने खाल्ले.

मनोरा जिथे उभा राहणार त्या जागेचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं आणि सेकंद अशा स्वरूपात द्यावे लागतात. मी फोनवरून अक्षांश घेतला, १७.०९३०. हे दशांशातले अंश. फॉर्ममध्ये तीन चौकटी होत्या आणि मी सतरा, शून्य नऊ, तीस असं भरून मोकळी झाले. खरं तर १७.०९३० अंश म्हणजे १७ अंश, ५ मिनिटं आणि जवळपास ३५ सेकंद. जवळपास चार मिनिटांचा फरक पडला. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, तेव्हा कागदावर आमचा मनोरा सव्वासात किलोमीटर उत्तरेला, कुणाच्या तरी उसात जाऊन उभा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये पोर्टलवर त्रुटी निघाली : पत्ता आणि स्थान जुळत नाही. मला वाटलं नकाशाची प्रत पुसट आली असेल, म्हणून नकाशाच पुन्हा पाठवला. एप्रिलमध्ये तीच त्रुटी परत. त्या रात्री जेवण झाल्यावर सगळे आकडे हाताने मांडले तेव्हा लक्षात आलं. फार लागलं मनाला. मुलांना मी हेच रूपांतर वर्गात शिकवते.

दुसऱ्या दिवशी भूमापनवाल्यांना बोलावून मनोऱ्याच्या खुंटीवरच यंत्र लावलं, समुद्रसपाटीपासूनची उंचीही मोजून घेतली. दीड हजार रुपये लागले. हे पहिल्याच दिवशी करा, आणि तो कागद जपून ठेवा, कारण पुढे तीन वेगवेगळ्या फॉर्मांत तेच आकडे भरायचे असतात आणि तिन्हीकडे ते सेकंदापर्यंत जुळावे लागतात. मुख्य इमारतीचं स्थान देऊ नका. आमचा मनोरा इमारतीपासून तीनशे मीटरवर पाण्याच्या टाकीशेजारी आहे, आणि तेवढाही फरक चालत नाही.

२ ऑगस्ट २०२३ ला आंतरमंत्रालयीन समितीची दूरदृश्य बैठक झाली. आमच्या वाट्याला नऊ मिनिटं आली. मी वीस स्लाइड केल्या होत्या, तिसरीवरच प्रश्न सुरू झाले. कार्यक्रमांपैकी किती तुम्ही स्वतः करणार, कोणत्या बोलीत, खर्च कुठून काढणार. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तिथेच तयार झाले पाहिजेत, हा नियमच आहे. गावं फिरलो होतो म्हणून मला भरभर सांगता आलं. इरादापत्र (लेटर ऑफ इंटेंट) आलं २० नोव्हेंबरला. मी विभागात पेढे वाटले आणि सगळ्यांना वाटलं झालं, आता सुरू. तसं नसतं. इरादापत्र म्हणजे लग्न ठरलं, इतकंच.

त्यानंतर सॅक्फा, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी वाटपाच्या स्थायी सल्लागार समितीची मंजुरी. हे नाव तुम्हाला वर्षभर पुरेल. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज करायचा, मग मनोऱ्याच्या जागेबद्दल विमान वाहतूक, संरक्षण अशा वेगवेगळ्या खात्यांचं म्हणणं घेतलं जातं. मनोरा जमिनीपासून तीस मीटरपेक्षा उंच चालत नाही. आमचा चोवीस मीटरचा. इरादापत्र मिळाल्यापासून महिन्याच्या आत हा अर्ज करावा लागतो, म्हणून मी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो केला. मंजुरी जून २०२४ मध्ये आली. त्या सहा महिन्यांत करण्यासारखं काही नव्हतं. दर सोमवारी सकाळी पोर्टल उघडायचं, स्थिती बघायची, वहीत तारीख लिहायची. विचारणा करायचीच झाली तर लेखी आणि अर्जाच्या क्रमांकासह करा, फोनवर कुणाला काही सांगता येत नाही. मुलांचा उत्साह मात्र या काळात मावळला. पहिल्या वर्षी गावं फिरलेली चारही मुलं पास होऊन गेली. जाताना एकजण म्हणाला, “मॅडम, सुरू झालं की रेकॉर्डिंग तरी पाठवा.”

याच काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, धोरण बदललं. जाहिरातींना तासाला सातऐवजी बारा मिनिटं मिळाली, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. पण आमच्या दृष्टीने मोठा बदल निराळाच होता. सल्लागार व आशय समितीत निम्म्या महिला हव्यात. आमच्या मूळ समितीत सात विभागप्रमुख होते आणि त्यात एकच बाई. ती समिती मोडून नवी केली : गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एक आशाताई, एक बेदाणा शेडवर मुकादम असलेल्या काकू, अंगणवाडीच्या एक ताई, गृहविज्ञानाच्या आमच्या एक बाई, आणि चार पुरुष, त्यांतले दोन बागायतदार. कार्यक्रमांची यादी या लोकांनी एका दुपारी उलटीपालटी केली. ‘विज्ञानविश्व’ सकाळचं उचलून रात्री गेलं. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या हंगामात रोज पहाटे दव आणि दावण्या, भुरी या द्राक्षांवरच्या रोगांवर दहा मिनिटं हवीत, असं बागायतदारांनी ठणकावून सांगितलं. मुकादम काकू म्हणाल्या, मजुरीचे दर आणि अंगावर फवारा उडाला तर काय करायचं, हे कोण सांगणार? दोन्ही कार्यक्रम आज चालू आहेत.

मंत्रालयाशी होणाऱ्या परवाना करारासाठी पंचवीस हजारांची बँक हमी लागते. रक्कम लहान आहे, पण मसुदा मंत्रालयाचा हवा, शब्दाला शब्द. आमच्या बँकेने स्वतःच्या छापील नमुन्यावर हमी दिली, ती परत आली, सतरा दिवस गेले. शाखेत जाताना मंत्रालयाचा नमुना छापून न्या आणि व्यवस्थापकांसमोर बसून ओळन् ओळ ताडून घ्या. २७ ऑगस्ट २०२४ ला करारावर सही झाली.

मग खरेदी. ५० वॉटचा भारतीय बनावटीचा ट्रान्समीटर, अँटेना आणि केबल मिळून ४ लाख ६० हजार. मनोरा आणि पाया २ लाख १० हजार. मिक्सर, चार माइक, दोन संगणक, यूपीएस आणि स्टुडिओचं सुतारकाम साडेपाच लाखांच्या आसपास. पुष्कळांचा गोंधळ होतो म्हणून सांगते, परवान्यातला १०० वॉटचा आकडा ट्रान्समीटरवर लिहिलेला नसतो. केबलमध्ये थोडी शक्ती जाते, अँटेना उरलेली शक्ती वर-खाली न सांडता आडव्या पातळीत गोळा करते, आणि शेवटी बाहेर पडणारी जी परिणामी शक्ती ती १०० वॉट. विक्रेता मोठा ट्रान्समीटर गळ्यात मारू बघेल, घेऊ नका. अर्थिंगमध्ये मात्र काटकसर नको. आमच्याकडे चार फुटांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण. एका खड्ड्याच्या जागी तीन घ्यावे लागले, अठरा हजार जादा गेले. मे महिन्यात वळवाच्या विजा आमच्या टाकीभोवती नाचतात, ते पैसे अशा दिवशी वसूल होतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बोलणाऱ्यांचं पहिलं प्रशिक्षण ठेवलं. तीन गावांतून आठ बायका येणार होत्या, सगळ्या बागेत काम करणाऱ्या. एका दिवसाची मजुरी बुडवून, वडापच्या जीपने, स्वतःच्या पैशांनी. साडेदहाची वेळ होती, अकरा वाजले तरी कोणी नाही. सव्वाअकराला फोन आला, “मॅडम, आमाला आत सोडंनात.” मी धावत फाटकावर गेले. आठहीजणी बाहेर उन्हात उभ्या होत्या. सुरक्षारक्षकाच्या वहीत रकाने होते : नाव, कोठून, कोणाकडे, काम. त्याने विचारलं होतं काम काय, आणि एकीने सांगितलं होतं, “बोलायचं काम हाय.” असं काम त्याच्या यादीत नव्हतं. ओळखपत्रं घरी, कोणाचं पत्र नाही. त्याचीही चूक म्हणता येणार नाही, त्याला तशीच सूचना होती. मी सही करून त्यांना आत घेतलं, पण आठातल्या दोघी तोवर परतीच्या वडापमध्ये बसल्या होत्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आले. एकीने चहा दिला, मजुरीबद्दल एक शब्द काढला नाही, आणि यायचं मात्र नको म्हणाली.

विद्यापीठाला इथे पंचवीस वर्षं झाली आहेत. फाटकासमोरून रोज जाणाऱ्या त्या बायका आत पहिल्यांदाच येत होत्या. मी दिल्लीच्या मंजुऱ्या मोजत बसले आणि आमचंच फाटक मोजायचं राहिलं.

‘रेडिओ सदस्य’ असा फोटोसह कायमचा प्रवेशपास मिळावा, म्हणून दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. सुरक्षा विभागाचा अभिप्राय, इस्टेट विभागाचा अभिप्राय, विमा कोणाचा, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची. पाच आठवडे ती फाईल तीन टेबलांवर फिरली. शेवटी मी टिपणीत परवाना करारातला स्थानिक सहभागाचा भाग जसाच्या तसा उतरवला आणि लिहिलं की लोक आत आले नाहीत तर केंद्राचा परवाना टिकणार नाही. २ जानेवारीला मंजुरी मिळाली. पास, येण्याजाण्याचं भाडं, आणि दर सत्राला अडीचशे रुपये मानधन. नवीन केंद्र काढणाऱ्यांना माझा कळकळीचा सल्ला आहे की ही फाईल सॅक्फाच्या रिकाम्या सहा महिन्यांत पुरी करून ठेवा. आणि भाड्याची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत घाला, माइकच्या आधी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स आलं. या लायसन्सशिवाय हवेत एक सेकंदही प्रक्षेपण करायचं नाही. तोवरच्या सगळ्या चाचण्या आम्ही अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रोध, लावून केल्या. स्पेक्ट्रमचं शुल्क दरवर्षी भरायचं असतं, त्याची तारीख लेखा विभागाच्या भिंतीवर लावून ठेवली आहे. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपावा लागतो. त्यासाठी दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक स्टुडिओत, एक ग्रंथालयाच्या कपाटात.

पहिल्या दिवसाचं पहिलं ध्वनिमुद्रण आदल्या शनिवारी झालं. त्या सहाजणींतल्या एक मावशी, वय साठीच्या पुढे, जात्यावरच्या ओव्या म्हणणार होत्या. चाचणीत आवाज उत्तम, पण लयीबरोबर हात हलायचा आणि काचेच्या बांगड्या माइकमध्ये किणकिणायच्या. आमच्या विद्यार्थिनीने भीत भीत विचारलं, बांगड्या काढता का? मावशी गप्प झाल्या. मालक हयात असताना त्या बांगड्या कशा काढतील? मी काही बोलायच्या आत शेजारच्या काकूंनी आपला रुमाल काढला, मावशींच्या मनगटावर कोपराकडून खाली असा घट्ट गुंडाळला आणि टोक आत खोचलं. दुसऱ्या हाताला माझी ओढणी. मग मावशींनी डोळे मिटून अकरा ओव्या म्हटल्या, एकदाही न अडखळता. तो रुमाल आता स्टुडिओच्या खणातच असतो.

सुरू झाल्यावर लोकांचा पहिला प्रश्न बातम्यांचा असतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात. पण हवामान, परीक्षा आणि प्रवेशाच्या तारखा, जत्रा, नोकरीच्या जाहिराती, आणि पाणी, वीज, आरोग्य याबद्दल प्रशासनाने दिलेल्या सूचना, हे सगळं चालतं. उद्या योजनेचं पाणी येणार नाही, हे सांगता येतं. ते का येणार नाही यावर कोण काय म्हणालं, हे सांगता येत नाही. ही रेघ प्रत्येक नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी उदाहरणांनी समजावा.

नऊपैकी सात गावांत आवाज स्वच्छ येतो. आठव्यात घराबाहेर येतो, आत खरखर. नववं गाव टेकडीच्या पाठीमागे आहे, तिथे काहीच येत नाही. ज्या दोघी फाटकावरून परत गेल्या त्या तिथल्याच. परवान्यात दिलेल्यापेक्षा जास्त शक्ती वापरता येत नाही, मनोरा हलवायचा तर सॅक्फा पहिल्यापासून. सध्या तिथल्या शाळेचे गुरुजी दर शुक्रवारी येतात, आठवड्याचे कार्यक्रम मेमरी कार्डावर घेतात आणि शनिवारी बाजारच्या पारावर शाळेच्या स्पीकरवर लावतात. पहिल्या शुक्रवारी ते आले तेव्हा मी फाटकावर उभी होते. रक्षकाने वही पुढे केली. कामाच्या रकान्यात गुरुजींनी लिहिलं, ‘गावासाठी न्यायला आलो.’ रक्षकाने वाचलं आणि फाटक उघडलं.